खंडेनवमीचा ग्लास

येडगावात धर्माजींच्या घरी सकाळचे साडेआठ वाजले की बाकी सगळं थांबायचं. पाव्हणे ओसरीवर बसलेले असोत, म्हैस दावं तोडून पळालेली असो, नाहीतर पत्नी प्रयागबाईंची चूल धुपत असो, धर्माजी ग्लास घेऊन परसात जायचे. परसात सिमेंटच्या ओट्यावर त्यांचं पर्जन्यमापक होतं. नाव भारदस्त, पण वस्तू साधी. वर गोल तोंडाचं नरसाळं, खाली बाटली. चोवीस तासांत नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत साठायचा. बाटलीतलं पाणी ग्लासात ओतायचं, ग्लास डोळ्यांसमोर धरायचा आणि पाणी ज्या रेघेला टेकलं तो आकडा वहीत लिहायचा. काम एवढंच. पण वर्षातली एक खंडेनवमी सोडली तर धर्माजींनी ते एकोणचाळीस वर्षं एकही दिवस चुकवलं नव्हतं.

थोरल्या मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. सकाळी मांडवात विधी चालले असताना हा माणूस उठून परसात गेला, तेव्हा वराकडच्या मंडळींना वाटलं की मुलीचा बाप रुसला. दोघं-तिघं समजूत घालायला मागोमाग गेले, तर सासरेबुवा वाकून बाटली न्याहाळत होते. मे महिना, बाटली ठणठणीत कोरडी. "शून्य," असं समाधानानं म्हणून ते पुन्हा मांडवात येऊन बसले. व्याही मंडळी ही गोष्ट अजून चवीनं सांगतात.

धर्माजींची सगळी नोकरी धरणावरच्या ऑफिसात पाऊस मोजण्यातच गेली. पण तिथले आकडे पुण्याला जायचे. आपल्या रानाला आपला आकडा हवा, म्हणून त्यांनी घरी वेगळं, लहान तोंडाचं यंत्र बसवलं आणि वेगळी वही घातली. वहीत पावसाचा रकाना, शेजारी दिवसाचं जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान, मग वाऱ्याची दिशा आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ते फार लिहीत नसत. 'गारा.' 'दाट धुकं.' वडील वारले त्या दिवशी तिथं नुसतं 'वडील' एवढंच लिहिलेलं आहे.

अशा वह्या ट्रंकभर झाल्या होत्या. प्रयागबाई त्यांना 'तुमची रद्दी' म्हणायच्या आणि दर पावसाळ्यापूर्वी उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला पसरून जपून ठेवायच्या.

या रद्दीला यंदा अचानक भाव आला. थोरल्या मुलीची मुलगी वृषाली अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिनं प्रोजेक्टसाठी हवामान घेतलं आणि उन्हाळ्यात येऊन सगळ्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून नेले. तेव्हापासून धर्माजींची मान जरा ताठ झाली होती. देवळाच्या कट्ट्यावर कुणी काही विचारो न विचारो, ते सांगायचे, "आमच्या वह्या कॉलेजात गेल्यात. कंप्युटरवर."

नवरात्रात वृषाली दसऱ्याच्या सुट्टीला आजोळी आली. जेवणं झाल्यावर तिनं ओसरीवर लॅपटॉप उघडला. धर्माजी चष्मा पुसून, टोपी नीट करून, फोटो काढायला बसावं तसे तिच्याशेजारी बसले.

"हा बघा आबा, एका महिन्याचा नकाशा," वृषाली म्हणाली. "एका दिवसाचा नाही हं. महिनाभर हवेचा दाब सरासरी कुठं किती होता आणि वारं कुठून कुठं वाहत होतं, ते. असे सगळ्या महिन्यांचे नकाशे घेतले आणि सारखे दिसणारे एकत्र केले. जुलै-ऑगस्टचे दोन मोठे गट पडले. पहिल्यात कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर असतो आणि अरबी समुद्रावरून जोराचं वारं आत येतं."

"भरतीचा महिना," धर्माजी लगेच म्हणाले. "धरणाचं दार वाजायला लागतं त्या वाऱ्यानं."

"आणि दुसऱ्यात तो पट्टा वर हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. आपल्याकडं वारं पडतं, ऊन चटकतं."

"ओढीचा महिना. पाऊस ओढ देतो."

वृषाली हसली. "मी त्यांना गट एक आणि गट दोन म्हणते. तुमची नावं चांगली आहेत, मी चोरणार. तर आता बघा. भरतीच्या महिन्यात आपल्याकडं सरासरीपेक्षा जास्त पाऊस आणि कमी तापमान यायला हवं. ओढीच्या महिन्यात उलटं. जास्त पाऊस म्हणजे निळा ठिपका, कमी म्हणजे लाल. तुमच्या वहीतले तीस वर्षांचे ठिपके असे बसलेत, की आमच्या मॅडम म्हणाल्या, हा माणूस कोण आहे ते मला बघायचंय."

धर्माजींनी आत बघून मोठ्यानं विचारलं, "अगं ऐकलंस का?"

"ऐकलं," प्रयागबाई आतून म्हणाल्या. "बोलवा मॅडमला, पुरणपोळी करते."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण पोरगी शिकलेली आणि खरं बोलणारी. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की समोरच्याला कधी ना कधी लागतंच. तिनं स्क्रीन पुढं सरकवली.

"पण आबा, दोन हजार सतरापासून काहीतरी बिघडलंय. हे बघा. सगळे ठिपके लाल."

धर्माजींनी पाहिलं. मिरच्या वाळत घातल्यासारखा तो तुकडा होता, उजवीकडं, अगदी आजपर्यंत.

"मग पाऊस कमीच झालाय की. सगळं गाव म्हणतंय."

"गाव नव्वद सालीपण तेच म्हणत असणार, आबा. दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट घ्या. भरतीचा महिना, खणखणीत. सगळीकडं पूर. आजूबाजूच्या गावांचे आकडे सरासरीच्या कितीतरी वर. आणि तुमच्या वहीत सरासरीपेक्षाही जरा कमीच. पाऊस काय आपल्या घराला वळसा घालून जातो?"

"मला वाटलं, सगळा घाटात पडला."

"एखाद्या महिन्यात पडेल. नऊ वर्षं?" वृषाली चाचरत म्हणाली, "आकडे घेण्यात चूक होतेय, आबा. मॅडम म्हणाल्या, ती नऊ वर्षं काढून टाक. बाकीची तीस सोन्यासारखी आहेत."

"टाक काढून," धर्माजी शांतपणे म्हणाले. "चुकीचं कशाला ठेवायचं?" आणि म्हशीला पेंड घालायची राहिली असं सांगून ते गोठ्यात गेले. पेंड त्यांनी संध्याकाळीच घातली होती.

ते घाबरले होते वेगळ्याच कारणानं. धर्माजींचे थोरले भाऊ दादाभाऊ मास्तर होते. पाढे त्यांचे, मोडी अक्षर त्यांचं, पंचक्रोशीत नाव. साठी उलटल्यावर एके दिवशी त्यांनी शाळेच्या जुन्या हजेरीतली बेरीज चुकवली. सगळे हसले, तेही हसले. मग चुका वाढत गेल्या. मग घराचं दार चुकलं. शेवटची तीन वर्षं ते धर्माजींना 'पावणं' म्हणून हाक मारायचे आणि "पावणं, तुमचं गाव कोणतं?" असं रोज विचारायचे. धर्माजी रोज सांगायचे, "हेच." ते सगळं सुरू झालं होतं आकड्यांपासून. आणि आता पोरगी म्हणत होती की तुमचे आकडे नऊ वर्षांपासून चुकतायत.

म्हणजे आपल्याला नऊ वर्षांपासून लागलंय, आणि आपल्याला पत्ताच नाही. दादालाही कुठं होता?

पुढचे तीन दिवस धर्माजींनी गुपचूप स्वतःची परीक्षा घेतली. गोठ्यात जाऊन सोळाचा पाढा म्हटला, एकोणतीसचा म्हटला, पावकी-निमकी म्हटली. सगळं आलं. मग आजवर घरात झालेल्या बैलांची नावं क्रमानं घेतली, धरणावरच्या साहेबांची घेतली. एक साहेब आठवेना. दुपारी जेवताना ते नाव आपोआप तोंडात आलं आणि ते घास हातात तसाच धरून मोठ्यानं "कुलकर्णी!" म्हणाले. प्रयागबाई बघतच राहिल्या.

पावसाचं नवरात्र होतं, रोज थोडंफार पडत होतं. अष्टमीच्या सकाळी त्यांनी ग्लासात पाणी ओतलं, पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा पाहिलं. तरी विश्वास बसेना. त्यांनी प्रयागबाईंना हाक मारली.

"ह्यात किती रेघांपर्यंत पाणी हाय? मोज बरं."

प्रयागबाईंना आकडे वाचता येत नसत, पण मोजता सगळं यायचं. त्यांनी बोट लावून रेघा मोजल्या. "सहा. का वो?"

"काय न्हाई. सहाच हाय."

"मग मला कशाला बोलवलं? भाकर करपली तिकडं."

धर्माजींनी सहा लिहिलं. पण जीवाला थारा नव्हता. आत्ता सहा दिसतंय ते ठीक, पण वहीत जाईपर्यंत काय होत असेल कुणास ठाऊक. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. दादाभाऊंचं सगळं प्रयागबाईंनीच केलं होतं, शेवटी घास भरवण्यापर्यंत. आता पुन्हा तेच त्यांच्या वाट्याला येणार, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन, पाटावर मांडून पुजायची आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही सुट्टी. धर्माजींची वही वर्षातून एकच दिवस कोरी राहायची ती याचसाठी. त्या दिवशी ग्लास पाटावर बसायचा आणि दसऱ्याला सकाळी दोन दिवसांचा पाऊस एकत्र मोजला जायचा. शेऱ्यात लिहिलेलं असायचं, 'पूजा.'

प्रयागबाईंनी अंघोळ करून पाट मांडला. विळा, खुरपं, कुऱ्हाड, पहार, मोटारीचा पाना. वृषालीचा लॅपटॉपही त्यांनी पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. "आजी, मला काम आहे गं त्यावर," वृषाली कळवळून म्हणाली. "उद्या कर. आज त्याला बी इसावा," असं म्हणून आजीनं त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

मग त्या धर्माजींकडं वळल्या. "तुमचा गिलास द्या."

धर्माजी ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. ग्लास मांडीवर होता. "ऱ्हाऊ दे यंदा. न्हाई मांडायचा."

"का?"

"न्हाई मांडायचा म्हटलं ना!"

"अवो, एकोणचाळीस वर्साचं हत्यार हाय. त्याचा आपमान करता व्हय, भरल्या सणाला?"

आणि तेव्हा धर्माजींचा बांध फुटला. नातीसमोर, भर सकाळी, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. "हत्याराचा काय दोष? माझंच डोकं गेलंय. दादागत. नऊ वर्सं झाली, मी काय लिवतोय माझं मला कळंना. पोरीच्या कंप्युटरनं धरलं. उद्या तुला बी वळखायचो न्हाई मी."

वृषालीचा चेहरा उतरला. आपण चूक म्हणालो तेव्हा आबांनी काय ऐकलं, हे तिला आत्ता कळलं. ती धावत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"आबा, आबा, ऐका. डोकं कसं गेलंय? तुमचं तापमान एकदम बरोबर आहे!"

"कसलं तापमान?"

"वहीतलं! पावसाच्या शेजारचं. नऊही वर्षं. भरतीच्या महिन्यात गार, ओढीच्या महिन्यात गरम, सगळे ठिपके जागच्या जागी. वाऱ्याची दिशापण बरोबर. फक्त पाऊस चुकलाय. डोकं गेलं असतं तर पारा बरोबर कसा लिहिला असता? तोच माणूस, तेच पेन, तीच वेळ."

धर्माजींनी तोंड वर केलं. टोपी बाजूला झाली होती. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. साडेआठला ते आधी पारा बघत आणि मग पाऊस. एका मिनिटाचं अंतर. एका मिनिटात माणूस वेडा होऊन पुन्हा शहाणा होत नाही.

"मग चूक कुठाय?" ते हळूच म्हणाले. तीस वर्षं धरणावर काढलेला माणूस त्यांच्यात जागा व्हायला लागला होता. "नरसाळं तर तेच. भेग न्हाई, चेपलं न्हाई. आंब्याची सावली न्हाई. बाटली गळत न्हाई."

"आणि ग्लास?"

"गिलास तोच."

"कुठला तोच?" प्रयागबाई पाटाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "तो तर कालनीतला हाय."

दोघांनी एकदम त्यांच्याकडं पाहिलं.

"धरणाच्या कॉलनीतला?" धर्माजींनी मांडीवरच्या ग्लासाकडं पाहिलं.

"तुमी रिटायर झाला तवा साहेबांनी शाल-नारळासंगट दिला व्हता ना, जुना म्हणून. त्यो. तुमच्या डोळ्याचं आपरेशन झालं त्या सालची खंडेनवमी मीच केली. तुमी हिरवी पट्टी बांधून आत पडला व्हता. मी म्हटलं, हत्यार म्हणून दोनी गिलास मांडू. दसऱ्याला उचलताना बघितलं, तर तुमचा रोजचा लई पातळ. कुणाच्या हातनं फुटला तर? म्हणून जाड व्हता त्यो कामाला काढला आन पातळ माळ्यावर घातला, तांब्याच्या हंड्यात." त्या जरा गोंधळल्या. "गिलास त्यो गिलासच की. का वो?"

का वो! धरणावरच्या यंत्राचं तोंड मोठं, घरच्याचं लहान, बरोबर निम्मं. ज्या तोंडाचं यंत्र, त्याच मापाचा ग्लास लागतो, हे धर्माजींनी धरणावर नव्या आलेल्या डझनभर माणसांना शिकवलं होतं. लहान तोंडाचं पाणी मोठ्या तोंडाच्या ग्लासात ओतलं, की ते निम्म्याच रेघेला टेकणार. पण आपल्याच घरात ग्लास बदलला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तसा तो त्यांना तेव्हा जाडजूड वाटला होता, नाही असं नाही. पण ऑपरेशननंतर त्यांना सगळंच मोठं दिसायला लागलं होतं. म्हैस मोठी दिसायची, पोळी मोठी दिसायची, प्रयागबाईसुद्धा. डॉक्टर म्हणाले होते, होईल सवय. झाली.

त्या दसऱ्यानंतर आठ महिने पाऊसच नव्हता. पुढच्या जूनमध्ये ते कट्ट्यावर म्हणाले, "यंदा पाऊस कमी हाय," आणि अख्ख्या कट्ट्यानं माना डोलावल्या. पाऊस कमी झालाय असं म्हणणाऱ्याला आमच्याकडं आजवर कुणी अडवलेलं नाही.

वृषाली तोवर शिडी लावून माळ्यावर चढली होती. हंड्यातून जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला ग्लास निघाला. पातळ, हलका. बुडाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं, शंभर, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर तोंडाच्या यंत्रासाठी. तिनं आबांच्या मांडीवरचा ग्लास उचलला. त्याच्या बुडाशी दर खंडेनवमीला बोट टेकवून टेकवून कुंकवाचा चांगला जाड थर बसला होता. तिनं ओल्या फडक्यानं तो घासला. खालून आकडा निघाला. दोनशे.

"बरोब्बर दुप्पट," ती ओरडली. "आबा, सगळं दुपटीनं करायचं, बस! काही काढून टाकायला नको!"

धर्माजींनी दोन्ही ग्लास दोन हातांत घेतले, एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग उठले आणि परसाकडं निघाले. बाटलीत कालचं पाणी होतंच, आत्ता ओतून बघितलं की झालं.

"अंहं," प्रयागबाई दारात आडव्या आल्या. "आज न्हाई."

"अगं, एकदाच. डोळ्यांनी बघू दे."

"खंडेनवमी हाय. हत्यार चालवायचं न्हाई. नऊ वर्सं थांबला, उद्यापतूर थांबा."

वृषालीनं मध्यस्थी करून पाहिली. "आजी, दुधाचं माप तर चालेल?" पण दुधाचं मापही पाटावर होतं, हळदकुंकू लावून. प्रयागबाईंच्या हातून काही सुटत नाही. तेव्हा दोन्ही ग्लास शेजारी शेजारी पाटावर बसले, दोघांना हळद लागली, दोघांना फूल मिळालं, आणि नवरा-बायको आरतीला शेजारी उभे राहिले.

दुपारी वृषाली मैत्रिणीकडं गेली. धर्माजी ओसरीवर बसले होते. बाहेर बारीक पाऊस लागला होता. प्रयागबाई निवडायला तांदूळ घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"माझ्यामुळं झालं," त्या ताटाकडं बघत म्हणाल्या. "न कळता केलं म्या."

"तू केलं म्हणून तर वाचलो," धर्माजी म्हणाले. "मी केलं असतं तर काय उरलं असतं?"

प्रयागबाईंनी दोन-चार खडे वेचले. मग एकदम म्हणाल्या, "तुमी गोठ्यात पाढं म्हणत व्हता ते म्या ऐकलं. म्हशीला एकोणतिसा. आन जेवता जेवता कुलकर्णी कुलकर्णी. मला वाटलं, झालं. थोरल्या भावजींनी बी असंच रातंदिस पाढं म्हटलं व्हतं. तीन दिस झालं, घास गेला न्हाई माझ्या पोटात."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला?"

एका छपराखाली दोघं तीन दिवस तेच भय गिळून बसले होते आणि एकमेकांना भाजी वाढत होते. धर्माजींनी हात लांब करून त्यांच्या ताटातले तांदूळ आपल्याकडं थोडे ओढले आणि निवडायला लागले. त्यांना खडे दिसत होते, चांगले स्पष्ट. कितीतरी दिवसांनी छाती हलकी वाटत होती.

दसऱ्याला सकाळी साडेआठला परसात तिघंही होते. प्रयागबाईंनी आज चूल आपण होऊन विझवली होती. धर्माजींनी बाटली काढली आणि आधी जाड ग्लासात ओतलं. सात. मग थेंबही न सांडता तेच पाणी पातळ ग्लासात ओतलं. पाणी चढत चढत गेलं आणि चौदाच्या रेघेला जाऊन टेकलं. वृषालीनं वाकून पाहिलं. प्रयागबाईंनी बोट लावून रेघा मोजल्या, अकरा, बारा, तेरा, चौदा, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. धर्माजी मोठमोठ्यानं हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली.

दिवसभर वह्या उघडून काम चाललं. वृषाली आकडा वाचायची आणि लॅपटॉप दुप्पट करायच्या आत धर्माजी तोंडानं दुप्पट सांगायचे. अठरा पूर्णांक चार? छत्तीस पूर्णांक आठ. सदतीस पूर्णांक सात? पंच्याहत्तर पूर्णांक चार. एकही चुकला नाही. दुपारनंतर तिनं स्क्रीन वळवून दाखवली. एकोणीसचा ऑगस्ट निळा झाला होता. तेविसाच्या ऑगस्टला खरोखरच ओढ होती, तो लालच राहिला. लाल-निळे ठिपके नकाशांच्या हिशेबानं आपापल्या जागी जाऊन बसले होते, सगळ्या एकोणचाळीस वर्षांचे.

संध्याकाळी शेजारचे बाळासाहेब आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आले. धर्माजींनी त्यांना मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तर भाऊ, पाऊस कमी झालेला न्हाई. माझा गिलास चुकीचा व्हता."

बाळासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, विड्याचं पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "तुमच्या गिलासाचं तुमी बघा, राव. पाऊस कमीच झालाय."

ते गेल्यावर धर्माजींनी यंदाची वही मांडीवर घेतली. दसऱ्याची तारीख. पाऊस चौदा, दोन दिवसांचा. तापमान, वारा. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी आजवर कधी लिहिली नव्हती अशी लांब ओळ लिहिली. प्रयागबाई देवापाशी दिवा लावून आल्या आणि वहीवर वाकल्या.

"काय लिवलं?"

धर्माजींनी वाचून दाखवलं. "नऊ वर्सं ग्लास चुकीचा. माणूस बरोबर."

"पुन्हा वाचा," प्रयागबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा वाचलं.